मांजराचं पोट सतत बिघडतंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद-दोन दिवस पोट बिघडून आपोआप सावरलेल्या मांजरासाठी हे पान लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरी तीन आठवड्यांहून जास्त काळ पातळ शी चालू आहे, आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होते आहे, किंवा दर थोड्या दिवसांनी शी कडक होऊन अडकते आहे, अशा घरांतून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. पोटाचा जुना आजार असलेली मांजरं बरीच वर्षं सांभाळते आहे आणि त्यानिमित्ताने पशुवैद्यांकडून जे शिकले ते सांगते. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते मांजराचं वजन, वय आणि रक्ताचे रिपोर्ट बघूनच ठरतात.

शी बिघडली आहे असं नेमकं कधी म्हणायचं?

निरोगी मोठं मांजर साधारण दिवसातून एकदा, फार तर दोनदा शी करतं. शी तपकिरी, लांबट, किंचित ओलसर असते. उचलली तर आकार टिकतो आणि वाळूवर थोडासाच ओलावा राहतो. उचलताना आकार मोडतो, वाळूत पसरते, शेवटचा तुकडा दरवेळी पातळ असतो, हे सगळं बिघडल्याचंच लक्षण. दुसऱ्या टोकाला सुटे कोरडे खडे असतात. तेही बिघडणंच आहे, पण घाण होत नाही म्हणून घरचे तिकडे लक्ष देत नाहीत.

कोणत्या लक्षणांवर वाट न बघता दवाखाना गाठायचा?

सगळ्यात आधी बोक्याबद्दल. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, जोर लावतोय आणि काहीच होत नाही, तर लोक समजतात की शी अडकली. बऱ्याचदा अडकलेली असते शू. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खड्यांनी किंवा चिकट स्रावाने बंद पडतो. रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वाळूत शूचा ओला गोळा सापडत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

दोरा, मांजा, रबर बँड, भेटवस्तूची चकचकीत फीत यांपैकी काही गिळलं असेल आणि उलट्या होत असतील, तर तीही तातडीची वेळ. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकतं, त्यामुळे आतडं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. संक्रांतीच्या दिवसांत तुटलेला मांजा गॅलरीत येऊन पडतो, तेव्हा रोज नजर फिरवा.

लस न झालेलं पिल्लू अचानक मलूल पडलं, उलट्या आणि दुर्गंधी जुलाब सुरू झाले, तर पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या पार्व्होचा संशय धरायचा. तिथे काही तासही मोजके असतात. काळी डांबरासारखी शी, बरंच रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, फुगून दुखणारं पोट, पाणीसुद्धा न टिकणं यांतलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही.

आणि जेवण बंद होणं. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर सहसा निभावतं, मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस खाणं थांबलं की अंगावरची चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून जीवघेणी कावीळ होते. लठ्ठ मांजरांना हा धोका सर्वात जास्त. 'पोटाला आराम' म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी काय करून ठेवू?

वही आणि वजन. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी एवढं करा.

जुन्या पोटदुखीत घरोघरी तेच होताना मी बघते. सोमवारी नवं खाणं, बुधवारी प्रोबायोटिक, शुक्रवारी जंताचं औषध, रविवारी कुणीतरी सांगितलेलं सिरप. दोन आठवड्यांनी शी थोडी बरी होते, पण कशाने झाली ते कुणालाच सांगता येत नाही आणि महिन्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. रोज एक ओळ पुरते: शी किती वेळा, कशी, रक्त किंवा शेंबडासारखा चिकटा होता का, उलटी झाली का आणि तिच्यात काय होतं, काय आणि किती खाल्लं, कोणतं औषध दिलं. शीचा आणि उलटीचा फोटो काढायला लाजू नका. 'जरा पातळ' या शब्दांपेक्षा फोटोवरून डॉक्टरांना खूप जास्त कळतं.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणाआधी करा. माणसांच्या वजनकाट्यावर मांजराला घेऊन उभं राहणं चालतं, पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक निसटतो. सामान तोलायचा हातात धरायचा डिजिटल काटा आणि मांजर बसेल अशी पिशवी, किंवा लहान बाळांचा काटा जास्त उपयोगी. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन घटलं म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा गेला, आणि केसाळ मांजराच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसतच नाही. हाताला आधी पाठीचा कणा लागायला लागतो. मांजर हसतं-खेळतं दिसत असताना काटा खाली जात असेल, तर विश्वास काट्यावर ठेवा.

सतत पातळ शी होण्याची कारणं काय असतात?

आधी त्रास कुठल्या आतड्याचा आहे ते बघतात. लहान आतड्याचा असेल तर शी प्रमाणाने जास्त होते, वेळा फार वाढत नाहीत, वजन उतरतं, बरोबर उलट्या असतात. मोठ्या आतड्याचा असेल तर थोडी थोडी, वारंवार, घाईने, शेवटी जोर लावून होते, चिकटा आणि ताज्या लाल रक्ताचे थेंब दिसतात, पण वजन सहसा टिकून असतं. वहीतल्या नोंदींवरून डॉक्टर हे दोन मिनिटांत ओळखतात आणि पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते.

मग कारणं येतात: जंत आणि सूक्ष्म परजीवी, अन्न न मानवणं, आतड्याची दीर्घकाळची सूज, स्वादुपिंड किंवा यकृताचे विकार, वाढलेलं थायरॉइड, किडनी, आणि वय झालेल्या मांजरांत आतड्याचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग). बाहेरच्या मांजरांशी मारामाऱ्या झालेल्या किंवा रस्त्यावरून आणलेल्या मांजराची ल्युकेमिया आणि एफआयव्ही (माणसांतल्या एचआयव्हीसारखा) या दोन विषाणूंची तपासणी एकदा करून घ्यावी.

जंताचं औषध दिलं, तरी फरक नाही. मग जंत नाहीत असं समजायचं का?

नाही. एका औषधाने सगळे जंत मरत नाहीत. पिरँटेलने गोल जंत जातात, पट्टकृमी जात नाहीत. त्यांना प्रॅझिक्वांटेल लागतं. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. हा जंत पिसू गिळल्याने होतो, म्हणून पिसवा न घालवता नुसतं औषध दिलं की तो परत येतो. पिसवांचं औषध मात्र मांजराचंच घ्या. कुत्र्यांच्या औषधांत बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे.

जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे तर जंतच नाहीत, एकपेशीय जीव आहेत. त्यांचा उपचार वेगळा. शिवाय जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडत नाही, त्यामुळे एका दिवसाच्या नमुन्यात सापडला नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. तीन वेगवेगळ्या दिवसांचे ताजे नमुने तपासून घ्या, आणि दर नमुना वाळू न लावता स्वच्छ डबीत न्या.

पिल्लांना आईच्या दुधातूनच गोल जंत मिळतात, म्हणून त्यांना थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात. 'एकदा दिलंय' हे पिल्लाच्या बाबतीत पुरेसं नाही.

ब्रीडरकडून पर्शियन पिल्लू आणलं. खेळतं, खातं, वाढतं, पण शी कधीच घट्ट होत नाही आणि वास सहन होत नाही.

असं वर्णन ऐकलं की ट्रायट्रायकोमोनास फीटस या परजीवीचा विचार करायला हवा. खूप मांजरं एकत्र ठेवली जातात तिथे, विशेषतः जातिवंत पिल्लांत तो जास्त आढळतो. मोठ्या आतड्यात राहतो, त्यामुळे पिल्लू तब्येतीने चांगलं दिसतं आणि शी मात्र शेणासारखी, कधी रक्त लागलेली. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेपर्यंत थोडं बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा तेच. फेनबेंडाझोल या जंताच्या औषधानेही तो जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो जिआर्डिया समजला जाण्याची शक्यता असते, म्हणून पीसीआर तपासणी मागा. त्यावर रोनिडाझोल हे औषध आहे, पण मज्जासंस्थेवर दुष्परिणाम होऊ शकतात म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं. बऱ्याच मांजरांची लक्षणं वर्ष-दोन वर्षांत आपोआप कमी होतात, तेव्हा उपचार मिळेपर्यंत धीर सोडू नका.

आमच्याकडे मांजरं पिढ्यान् पिढ्या दूध-पोळीवर वाढली. दुधाने खरंच त्रास होतो?

बहुतेक मोठ्या मांजरांना होतो. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होत जातं, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. वाड्यातली, शेतावरची मांजरं दूध-पोळीवर जगत होती असं आपल्याला वाटतं, पण दिवसभर उंदीर, पाली, पाखरं, नाकतोडे खाऊन त्यांचं खरं पोट भरत होतं. फ्लॅटमधल्या मांजराकडे ती सोय नाही. शी पातळ असलेल्या मांजराचं दूध पूर्ण बंद करून दोन आठवडे थांबा. एवढ्याने सुटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

खाणं बदलून बघायचं तर ते नीट कसं करायचं?

जुन्या पोटाच्या त्रासात सर्वात जास्त मांजरं इथेच बरी होतात, आणि सर्वात जास्त लोक इथेच चुकतात. म्हणून सविस्तर सांगते.

मांजराला बहुधा एखादं प्रथिन मानवत नसतं. प्रथिन म्हणजे चिकन, मासे, मटण, अंडं, दूध यांतलं काहीही. प्रयोगात दोन मार्ग असतात. एक, मांजराने आजवर कधीच न खाल्लेलं प्रथिन देणं. आपल्याकडे ते अवघड पडतं, कारण पाकिटावर 'टूना' किंवा 'सामन' लिहिलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचली की आत चिकन सापडतंच. दुसरा मार्ग हायड्रोलाइझ्ड प्रथिनाच्या खाण्याचा. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यांना ओळखत नाही. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळतं, महाग असतं, आणि सगळ्या मांजरांना चव आवडतेच असं नाही.

निवडलं की तेच, फक्त तेच. आजी ताटातला मासळीचा तुकडा टाकते, शेजारी दूध ठेवतात, मुलं ट्रीट देतात, औषधाची गोळी चीजमध्ये दडवली जाते, यांतलं एकही घडलं तर प्रयोग वाया गेला. घरातल्या प्रत्येकाला बसवून समजावून सांगा, फ्रिजवर चिठ्ठी लावा. दुसरी मांजरं असतील तर सगळ्यांनाच तेच द्या, नाहीतर वेगळ्या खोलीत जेवू घाला. बाहेर फिरणाऱ्या मांजराला तेवढे दिवस आत ठेवावंच लागेल.

जुन्यातून नव्यावर सात ते दहा दिवसांत या. आधी पाव भाग, मग अर्धा, मग पाऊण. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत दिसतो. त्वचेच्या ॲलर्जीत मात्र आठ आठवडे थांबावं लागतं. फरक पडला नाही तर सगळं व्यर्थ असं म्हणू नका. एक खाणं लागू न पडलेलं मांजर दुसऱ्यावर बरं झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, म्हणून डॉक्टर दुसरा प्रकार देऊन बघतात.

घरचं उकडलेलं चिकन आणि भात कायमचं दिलं तर?

चार-सहा दिवस ठीक. मीठ, हळद, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या भाजीचा रस्सा किंवा सूपही चालत नाही. कायमसाठी मात्र उकडलेलं चिकन अपुरं आहे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि उकळून पाणी फेकलं की टॉरिन हे मांजराला लागणारं अमिनो आम्लही जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या हृदयाचा स्नायू पातळ होऊन पसरतो, हे १९८७ साली सिद्ध झालं आणि त्यानंतर तयार खाण्यात ते वाढवलं गेलं. दृष्टीही त्यानेच जाते. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून पूरकांसह पाककृती लिहून घ्या. कच्चे मासे रोज देऊ नका, काही माशांत बी १ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. सुकट आणि सुके बोंबील खारट असतात, तेही नकोत.

उलटीत केसांचा गोळा पडतो. तो तर सगळ्याच मांजरांना होतो ना?

कधीमधी होतो. छोट्या केसांच्या मांजराला दर आठवड्याला होत असेल तर केस हे कारण नसून परिणाम असू शकतो. पोट-आतड्याची हालचाल मंदावली की गिळलेले केस पुढे सरकत नाहीत आणि त्यांचा गोळा होतो. 'आमचं मांजर उलटी करणारंच आहे' हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकते, आणि पुढे त्यांतल्या काही मांजरांच्या आतड्याला वर्षानुवर्षांची सूज निघते. रोज विंचरा, लांब केसांच्या मांजराला तर नक्कीच. त्याबरोबर उलट्या मोजा.

मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून, खोकल्यासारखा आवाज काढणारं मांजर उलटी करत नसून त्याला दमाही असू शकतो. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर म्हणाले, आयबीडी (आतड्याची दीर्घकाळची सूज) किंवा लिम्फोमा. दोन्हींत फरक कसा करतात?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आवाजात भीती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. आयबीडीत आतड्याच्या भिंतीत सूज आणणाऱ्या पेशी साचतात. मंद गतीच्या, लहान पेशींच्या लिम्फोमात त्याच जागी कर्करोगाच्या पेशी असतात. लक्षणं दोन्हींची तीच: वजन उतरणं, उलट्या, पातळ शी, कधी नुसतीच भूक बदलणं. सोनोग्राफीत दोन्हींत आतड्याची भिंत जाड दिसते. खात्री हवी असेल तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, एंडोस्कोपीने किंवा पोट उघडून. एंडोस्कोपीत भूल कमी वेळ लागते आणि जखम नसते, पण ती आतड्याच्या सगळ्या भागांपर्यंत पोचत नाही. भिंतीची पूर्ण जाडीही मिळत नाही.

सगळेच जण बायोप्सीपर्यंत जात नाहीत. मांजराचं वय, भूल सोसण्याची ताकद, घरची ऐपत हे सगळं धरून निर्णय घ्यावा लागतो, आणि बायोप्सी न करता उपचार सुरू करणं म्हणजे मांजरावर प्रेम कमी असणं नव्हे. फक्त एक क्रम पाळा: आधी खाण्याचा प्रयोग, मग स्टेरॉइड. स्टेरॉइड आधी दिलं तर नंतरच्या बायोप्सीचा निकाल धूसर होतो. खाण्याने बरं होणाऱ्या मांजराला विनाकारण आयुष्यभराचं औषधही लागतं.

स्टेरॉइड म्हणजे इथे प्रेडनिसोलोन. प्रेडनिसोन नाही, कारण मांजराच्या शरीरात त्याचं रूपांतर नीट होत नाही. मेडिकलमधून घेताना स्ट्रिपवरचं नाव वाचा. अचानक थांबवायचं नाही, हळूहळू उतरवायचं. तहान आणि शू खूप वाढली तर मधुमेहाची तपासणी करा. मंद लिम्फोमात त्याच्या जोडीला क्लोरॅम्ब्युसिल देतात. 'कर्करोग' हा शब्द ऐकून लोक तिथेच खचतात, पण या प्रकारात अनेक मांजरं औषधावर दोन वर्षं आणि त्याहून जास्त, खाऊन-पिऊन, उन्हात लोळत चांगली जगतात. क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या हाताळताना हातमोजे घाला, आणि त्या मांजराचा ट्रे साफ करतानाही.

बी १२ ची इंजेक्शनं खरंच लागतात का?

लागतात, आणि ती स्वस्तातली मोठी मदत आहे. बी १२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तिथे सूज असली की शोषण थांबतं. मांजराच्या शरीरात त्याचा साठा फार दिवस टिकत नाही. कमतरता झाली की भूक जाते आणि बाकीची औषधंही नीट लागू पडत नाहीत. बहुधा सहा आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन आणि मग अंतर वाढवत नेतात. कातडीखालचं इंजेक्शन घरी द्यायला बहुतेकांना शिकता येतं.

आमची मांजरी बारा वर्षांची आहे. खाते भरपूर, तरी सुकत चालली आहे.

थायरॉइडची रक्ततपासणी आधी करा. म्हाताऱ्या मांजरांत ते वाढलं की भूक राक्षसी होते, वजन उतरतं, उलट्या आणि जुलाब होतात, रात्री ओरडतात. औषधाने आटोक्यात येतं. त्याच रक्तात किडनी आणि साखरही बघून घ्या.

शी कडक होते, दोन-तीन दिवस होतच नाही. काय करू?

दोन दिवस झाली नाही, तर डॉक्टरांना फोन करा. तीन दिवस झाले आणि मांजर जोर लावतंय किंवा उलटी करतंय, तर घेऊनच जा. शी जितका वेळ आत राहते तितकं तिच्यातलं पाणी आतडं शोषत राहतं, आणि आजचा खडा परवा दगड होतो. जोर लावताना कडेने थोडं पातळ पाणी बाहेर येतं ते बघून काहीजण जुलाब समजून जुलाब थांबवण्याचं औषध देतात. त्याने नुकसान होतं.

मुळाशी बऱ्याचदा पाणी कमी पडणं असतं. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण दोनशे मिली पाणी लागतं. ड्राय फूडमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वेट फूडमध्ये पंचाहत्तर-ऐंशी. म्हणून पहिला बदल खाण्यातला: वेट फूड, आणि त्यात वर दोन-तीन चमचे कोमट पाणी. पाण्याची पसरट भांडी घरात तीन-चार ठिकाणी, जेवणाच्या वाटीपासून आणि ट्रेपासून लांब ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि कूलरच्या कोरड्या हवेत हा त्रास वाढतो, तेव्हा पाणी दिवसातून दोनदा बदला. किडनी कमजोर असलेल्या मांजराला डॉक्टर कातडीखाली सलाइन द्यायला शिकवतात, त्याने शीही सुधारते.

दुखणारे सांधे हेही एक कारण आहे. म्हाताऱ्या मांजराला उंच कडेच्या ट्रेमध्ये चढून ओणवं बसणं जड जातं, मग ते शी दाबून धरतं. एका बाजूने कड खाली असलेला ट्रे द्या.

इसबगोल, भोपळा, एरंडेल, तूप यांतलं काय चालतं?

इसबगोलाची भुशी काही मांजरांना खरोखर लागू पडते, कडक शीतही आणि मोठ्या आतड्याच्या पातळ शीतही. पाव चमच्यापासून सुरुवात करून, भरपूर पाण्यात भिजवून, वेट फूडमध्ये कालवायची. कोरडी कधीच नाही. पाणी कमी झालेल्या किंवा शी आधीच अडकलेल्या मांजराला ती देऊ नका, अडथळा वाढतो. उकडलेला लाल भोपळा चमचाभर चालतो, पण त्यात तंतू फार नसतात, मोठी अपेक्षा ठेवू नका.

एरंडेल नाही. लिक्विड पॅराफिन तोंडात ओतणं तर मुळीच नाही. त्याला चव नसल्याने मांजराला ते गिळल्याचं कळत नाही, फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तुपाने पातळ शी आणि काहींना स्वादुपिंडाचा त्रास होऊ शकतो. ओवा, हिंग, सुंठ हे आपल्या पोटाचे उपाय, मांजराचे नाहीत. माणसांची पॅरासिटामोल एक गोळीसुद्धा मांजराला मारते. मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमा मांजराला घरी देणं तितकंच घातक आहे, रक्तातले क्षार बिघडून मृत्यू होतो. एनिमा दवाखान्यातच.

रोजच्या औषधांत लॅक्ट्युलोज सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. मात्रा शी बघून कमी-जास्त करायची असते, आणि एकदा जमली की शी चांगली झाली म्हणून बंद करायची नाही.

मेगाकोलन म्हणजे काय?

मोठं आतडं ताणून ताणून एवढं रुंद होतं की त्याला शी पुढे ढकलण्याची ताकद उरत नाही. कधी ते आपोआप होतं. कधी मागे गाडीखाली येऊन किंवा इमारतीवरून पडून कमरेचं हाड मोडलेलं असतं, ते वेडंवाकडं जुळून वाट अरुंद होते आणि त्रास काही वर्षांनी सुरू होतो. मजल्यावर राहणाऱ्यांनी गॅलरी आणि खिडक्यांना जाळी लावायलाच हवी.

यावर सिसाप्राइड हे आतड्याची हालचाल वाढवणारं औषध परदेशात वापरतात, पण माणसांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम झाल्यामुळे भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. इथले काही डॉक्टर प्रुकालोप्राइड वापरतात. औषधांनी भागलं नाही तर मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग काढण्याची शस्त्रक्रिया होते. काही आठवडे शी पातळ राहते, पुढे बहुतेक मांजरं छान जगतात. दर महिन्याला भूल देऊन शी काढण्यापेक्षा, अनुभवी सर्जन मिळत असेल तर हा मार्ग लवकर विचारात घ्यावा असं माझं मत आहे.

दरवेळी मेट्रोनिडाझोल मिळतं आणि तात्पुरतं बरं वाटतं. चालू ठेवू का?

स्वतःहून नाही. जुन्या स्ट्रिपमधली उरलेली गोळी देणं बंद करा. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात आणि दर वेळचा आराम आधीपेक्षा कमी टिकतो. जास्त मात्रेत तोल जातो, फिट्स येतात. कारण शोधायचं सोडून तिसऱ्यांदा तेच औषध लिहून मिळत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काही अनादर नाही. प्रोबायोटिक मांजरांसाठी बनवलेलं घ्या आणि महिनाभर देऊन बघा.

गोळी खात नाही, फेस काढतं.

कडू गोळी जिभेला लागली की फेस येतो, ते विष चढलेलं नसतं. रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून द्या. कोणतीही गोळी दिल्यावर सिरिंजने गालातून पाच मिली पाणी किंवा थोडं वेट फूड द्याच. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. डॉक्सिसायक्लिनने हे जास्त होतं.

ट्रेच्या बाहेर शी करतं. रागाने करतं का?

नाही. तिथे दुखलं, म्हणून त्या जागेची भीती बसली, किंवा घाई झाली आणि पोचता आलं नाही. ओरडू नका, नाक लावू नका. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, बिनवासाची वाळू, रोज दोनदा सफाई. मागचे केस कातरा. बूड लाल झालं असेल तर कोमट पाण्याने टिपून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बाळांच्या रॅश क्रीममध्ये झिंक असतं आणि मांजर ते चाटतं, म्हणून ते नको.

घरात गरोदर बाई आहे. मांजर दुसरीकडे द्यावं लागेल?

गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ होत असेल आणि ते काम दुसरं कुणी करत असेल, तर धोका फार कमी होतो. मांजराला कच्चं मांस देऊ नका. घरातही मांस नीट शिजवा, भाज्या धुवा.

एवढ्या तपासण्या कुठे होतात?

शहरांत खासगी दवाखान्यांत सोनोग्राफी आता सर्रास होते. खर्च झेपत नसेल तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांची रुग्णालयं बघा: मुंबईत परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. परळचं महाविद्यालय १८८६ पासून आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. वही, जुने रिपोर्ट आणि ताजा शीचा नमुना बरोबर न्या. जाळीदार, घट्ट बंद होणाऱ्या पेटीतूनच न्या, वर चादर टाका.

हे कधी संपणार? मी थकले आहे.

काही मांजरं पूर्ण बरी होतात, काहींना आयुष्यभर सांभाळावं लागतं. रोज शी पुसून, चादरी धुऊन, रात्री उठून माणूस थकतोच, आणि त्या थकव्यात मांजराचा राग आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. कामं घरात वाटून घ्या. सोफ्यावर धुता येणारी खोळ घाला. ध्येयही बदलून बघा: रोज आदर्श शी हे नको, वजन टिकलंय, खातंय, अंग चाटून साफ ठेवतंय, खिडकीत बसतंय, एवढं हवं. या चारांपैकी तीन गोष्टी आठवड्यामागून आठवडे नाहीशा झाल्या आणि उपाय उरले नाहीत, तर शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

गणपतीत गावी जातो. अशा मांजराचं काय करायचं?

शक्यतो घरीच ठेवा आणि ओळखीचं माणूस दिवसातून दोनदा येईल असं बघा. प्रवास आणि नवी जागा या दोन्हींनी पोट बिघडतं. निघण्याआधीच्या आठवड्यात कोणतंही नवं खाणं किंवा औषध सुरू करू नका. येणाऱ्या माणसाला एकदा समोर बसवून गोळी द्यायला लावा. दिवसागणिक डब्या भरून ठेवा, खाणं मोजून. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडा असणारा दवाखाना, रिक्षाचे पैसे कुठे ठेवलेत, पेटी कुठे आहे, आणि या गोष्टी दिसल्या तर मला न विचारता निघायचं: चोवीस तास खाल्लं नाही, शू दिसली नाही, दोनपेक्षा जास्त उलट्या. रोज संध्याकाळी ट्रेचा एक फोटो पाठवायला सांगा.